बकासुर जेवेना

११ जानेवारी

ठरलं. पीएचडी करायची. पस्तिसाव्या वर्षी गुडघ्याला बाशिंग बांधून बसले आहे, हसणाऱ्यांनी हसावं. सूक्ष्मजीव तंत्रज्ञानाच्या फेलोशिपची जाहिरात आली आहे आणि वयाची अट पस्तीसची. मला जुलैत पस्तीस पूर्ण होतात. म्हणजे या खेपेला नाही तर कधीच नाही. फेलोशिप मिळाली तर शिकायचं, नाही मिळाली तर वेफरच्या कारखान्यातच निवृत्त व्हायचं, कारण बिनपैशांचं शिक्षण घेण्याइतके आम्ही काही नबाब नाही.

माझं भांडवल एकच. बकासुर. आमच्या तळणीमागे एक गटार आहे, त्यात जळकं तेल साचून साचून दगड होतं. दोन वर्षांपूर्वी त्या घाणीतून मी एक जिवाणू वेगळा काढला. तेल मिसळलेल्या प्लेटवर तो टाकला की दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती लख्ख गोल दिसायचा, आजूबाजूचं सगळं तेल फस्त. म्हणून बकासुर. तेव्हाच फोटो काढून ठेवले होते. ही गटारं साफ करणारा जिवाणू कोणाला नको असेल?

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो छापखान्यात मशीन चालवतो, दिवसभर त्या खडखडाटात राहून त्याचं बोलणं आधीच संपलेलं असतं. "हं," म्हणाला. एवढ्या मोठ्या बातमीला हं! भाजीत मीठ कमी आहे म्हटलं असतं तरी हंच आलं असतं.

१९ जानेवारी

आज विद्यापीठात गेले होते. बसने तीन तास. मिळालं तर आठवडाभर तिथे वसतिगृहात आणि शनिवार-रविवार घरी, असं करावं लागेल.

मार्गदर्शक व्हाल का म्हणून ज्यांना विचारायचं होतं, त्या मॅडम! काय बाई आहेत! दारातच उभं ठेवतील वाटलं होतं, तर त्यांनी आत बोलावून स्वतःच्या शेजारची खुर्ची दिली. फोटो बघितले, चष्मा वर केला, परत बघितले. "अगं, तू हिरा आहेस. कारखान्यात काय करते आहेस?" मला रडूच आलं. अकरा वर्षांत आमच्या साहेबांनी मला ‘त्या लॅबवाल्या बाई’ यापलीकडे काही म्हटलेलं नाही.

मी म्हटलं, प्रस्तावाआधी प्रयोग पुन्हा एकदा करून बघते. तर म्हणाल्या, "कशाला? फोटो झकास आहेत. मुदत जवळ आली आहे. लिहायला बस." संमतीपत्रावर तिथल्या तिथे सही केली.

लॅब दाखवायला त्यांची विद्यार्थिनी आली. सहावं वर्ष चालू आहे म्हणे तिचं. पाच वर्षांत सगळे उरकतात, ही अजून काचा धुते आहे. मी मनातल्या मनात तिचं नावच ‘सहावं वर्ष’ ठेवून टाकलं. तिने मला रिकामं टेबल दाखवलं, खिडकीजवळचं, आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमची नोकरी कायमची आहे ना? मग नीट विचार करून या."

आली का जळजळ! मॅडमनी मला हिरा म्हटलेलं बाहेर ऐकू गेलं असणार. माणूस स्वतः अडकला की दुसऱ्याची गाडी सुटलेली बघवत नाही.

२ फेब्रुवारी

प्रस्ताव लिहिते आहे. उद्देश, पार्श्वभूमी, पद्धत. कॉलेज सुटून अकरा वर्षं झाली, वाक्य लिहायला घेतलं की हात दुकानाच्या यादीसारखं लिहितो.

साहेबांकडे ना हरकत पत्र मागितलं. "पीएचडी करून काय वेफर जास्त कुरकुरीत होणार आहेत?" असं म्हणून स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की ठसका लागला. पाणी मीच दिलं. पत्र मिळालं, पण बिनपगारी रजा आणि परत आल्यावर जागा असेलच असं नाही. म्हणजे दोर कापूनच जायचं.

१४ फेब्रुवारी

अर्ज गेला! मॅडमनी एकच दुरुस्ती सुचवली. ‘आढळले’च्या जागी सगळीकडे ‘सिद्ध झाले’.

नवऱ्याला हल्ली लेकीच्या वेण्या घालायचं खूळ लागलंय. सकाळी तिला पुढ्यात घेऊन बसतो. एक वेणी कानावर, दुसरी मानेवर. मी कंगवा घ्यायला गेले तर म्हणाला, "राहू दे, मला जमायला हवं." आता याला कुणी सांगितलंय? कार्टी तशीच शाळेत गेली, पोरं हसली असतील. घाईच्या वेळी पुरुषांना नेमकी हौस सुचते.

६ मार्च

मुलाखतीचं पत्र आलं. तीन एप्रिल. मॅडमना फोन केला. "मला माहीतच होतं. येताना तुझा तो राक्षसही घेऊन ये, आपल्या फ्रीजमध्ये ठेवू," म्हणाल्या. आपल्या!

९ मार्च

सहज म्हणून, अगदी सहज, बकासुर तेलाच्या प्लेटवर टाकला होता. दोन वर्षांत टाकला नव्हता. मुलाखतीला ताजा, मोठा, रंगीत फोटो असावा एवढाच हव्यास.

प्लेट उघडली. बकासुर मस्त वाढलाय, गोरागोमटा, चकचकीत. आणि तेल जिथल्या तिथे. गोल नाहीच. पुसटसुद्धा नाही.

प्लेटच बिघडलेली असणार. उद्या नवी ओतते.

१३ मार्च

प्लेट बिघडलेली नाही. तीनदा केलं. दुसरं तेल आणलं, इनक्युबेटरचं तापमान बघितलं, सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. दुसरा कोणी घुसलेला नाही. तोच आहे. खातच नाही.

आणि हे माझ्या हातांनी झालं आहे. दोन वर्षं दर महिन्याला मी त्याला नव्या नळीत घालत आले, आणि कशावर? मांसाचा अर्क घातलेल्या पौष्टिक आहारावर. का, तर त्यावर तो भराभर वाढतो आणि दिसतो छान. नळीत थेंबभर तेल घातलं असतं तरी चाललं असतं. पण नाही, माझं बाळ उपाशी राहायला नको! ज्याला आयतं मिळतं तो मेहनत कशाला करेल? पचवायची ती कला त्याने टाकून दिली, बाडबिस्तरा टाकून द्यावा तशी. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. मीही शिकले होते, मार्कही पडले होते. सुरुवातीलाच त्याचा एक नमुना गोठवून ठेवायचा असतो, तर कारखान्यातल्या फ्रीजमध्ये धड बर्फ होत नाही म्हणून तेही केलं नाही.

लाडाने पोर बिघडतं म्हणतात. मी जिवाणू बिघडवून दाखवला.

गटार तरी आहे का? तेही नाही. मागच्या पावसाळ्यात साहेबांनी ते खणून काढलं आणि पाइप घातले.

१५ मार्च

शेवटी मॅडमना फोन केला. त्या लॅबमध्येच होत्या, हातात मोजे म्हणून फोन स्पीकरवर ठेवलाय म्हणाल्या, मागे काचा वाजत होत्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, आता हाकलणार.

तर हसल्या! "फोटो खोटे आहेत का?"

"नाही."

"तू काढलेस ना? खाल्लं होतं ना त्याने तेल? मग झालं. मुलाखतीत विचारतील तेवढंच बोल. फेलोशिप हातात आली की बघू. अगं, सगळ्यांचंच होतं असं. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीचंही झालं होतं, निस्तरलं आपण."

केवढा धीर आला! एवढी मोठी बाई, पण मोठेपणाचा लवलेश नाही. खरंच, फोटो काही खोटे नाहीत. आज खूप दिवसांनी पोटभर जेवले.

२२ मार्च

सहाव्या वर्षाचा फोन. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणते, "ताई, एक विचारू? मुलाखतीत काय सांगणार आहात?"

मी तापलेच. म्हटलं, "तुला काय करायचंय? तुझं तू बघ ना."

ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं असतं ताई. नंतर सांगता येत नाही." आणि ठेवला फोन.

आगाऊ कुठली. मॅडमना सांगावं का? नको, मुलाखत होऊ दे.

२६ मार्च

नवऱ्याला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण किती दिवस एकटीने वागवायचं? तो जेवायचा थांबला.

"मग सांगणारेस का त्यांना?"

बस, एवढंच. माझं डोकंच फिरलं. "तुला हवंच असेल मी घरी राहावं! सांगते, म्हणजे बाहेर काढतील, म्हणजे तुझा डबा वेळेवर!" वगैरे वगैरे, आता लिहायलाही लाज वाटते. तो म्हणाला, "मी तर..." आणि ताट उचलून आत गेला.

काल हाच मला विचारत होता, लेकीला खोकला झाला की कोणतं औषध देतेस, तिच्या शाळेच्या बैठका कोणत्या वारी असतात. आठ वर्षं काय झोपला होतास, म्हटलं. असल्या गोष्टी सुचतात, आणि माझ्या बाजूने दोन शब्द सुचत नाहीत.

३ एप्रिल

मुलाखत झाली. बसमध्ये लिहिते आहे, अक्षर नाचतंय.

समोर तिघं. मधे अध्यक्ष, एका बाजूला उंच, किडकिडीत शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला पिकलेल्या केसांच्या बाई. सुरुवात गोडीत झाली. बकासुर हे नाव ऐकून बाई हसल्यासुद्धा. मग किडकिडीत माणसाने फोटोवर बोट ठेवलं. "ही प्लेट कधीची?"

"दोन वर्षांपूर्वीची."

"हल्ली कधी केली?"

विचारतील तेवढंच बोल. मी तोंड उघडलं, ‘नाही केली’ म्हणायला. तेवढंच म्हणायचं होतं. पण तो माणूस इतक्या साधेपणाने बघत होता, की घडाघडा सगळं बाहेर आलं. पौष्टिक आहार, दोन वर्षं, खणलेलं गटार, सगळं. बाई म्हणाल्या, "दोन वर्षं तेलाचा थेंबही नाही?" म्हटलं, "नाही. लाड केले." अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मार्गदर्शकांना हे माहीत आहे?"

आता माझं बुडालं ते बुडालं, त्यांना कशाला ओढू? ज्या बाईने मला हिरा म्हटलं, तिच्या पाठीत मी सुरा खुपसू? "नाही," म्हटलं. "त्यांना मी सांगितलंच नाही." आवाजही कापला नाही.

हरले तर हरले, पण कृतघ्न नाही झाले. एवढं समाधान पुरे आहे मला.

५ एप्रिल

मॅडम फोन उचलत नाहीत. कामात असतील. मी त्यांचं नाव कसं सांभाळलं, ते सांगायचं होतं.

११ एप्रिल

निवड समितीचं पत्र आलं. तीनदा वाचलं, तरी अक्षरं तीच. मार्गदर्शकांनी संमती मागे घेतली आहे. ‘उमेदवाराने महत्त्वाची माहिती माझ्यापासून हेतुपुरस्सर लपवली, हे तिने मुलाखतीत स्वतः मान्य केले आहे.’ अर्ज रद्द का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.

माझंच वाक्य! माझ्याच तोंडचं! मी त्यांना वाचवायला दिलेली छत्री, त्यांनी मिटून माझ्याच डोक्यात घातली.

सापडेल ते आपटलं. डबा, चप्पल, दार. लेक घाबरून बापाच्या मागे लपली. तो शांतपणे म्हणाला, "पण तू फोन केला होतास ना त्यांना? त्या दिवशी?" केला होता की. फोन झाल्याची नोंद आहे, बोलणं काय झालं त्याची कुठे आहे? आणि आता मी काय लिहू, की मुलाखतीत मी खोटं बोलले, आता खरं बोलते आहे? शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का?

१४ एप्रिल

त्या काचा! स्पीकर! आज जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या जिन्यात उभी असताना एकदम आठवलं. लॅबमध्ये मागे काचा कोण धूत होतं?

तिला फोन केला. दुसऱ्या घंटीलाच उचलला, वाट बघत असल्यासारखा. "ऐकलं होतं ताई," म्हणाली. "सगळं ऐकलं होतं. म्हणूनच फोन केला होता तुम्हाला."

मग ती बोलत राहिली आणि मी पायरीवर बसले. तिचा जिवाणूही पहिल्याच वर्षी थांबला होता. फोटो खोटे आहेत का, हे तिलाही विचारलं होतं. नाहीत, म्हणून तीही गप्प बसली. त्या एका फोटोवर मॅडमचे दोन शोधनिबंध निघाले, पुरस्कार मिळाला. आणि ही पाच वर्षं झाली, तोच गोल पुन्हा पाडायचा प्रयत्न करते आहे. पडत नाही. आता मॅडम म्हणतात, प्रबंधात जुनाच फोटो घाल, जूनमध्ये सही करते. "तुम्हाला तेव्हाच स्पष्ट सांगायला हवं होतं. पण सही त्यांच्या हातात आहे ना ताई. धीर झाला नाही."

आणि मी म्हणत होते, जळते.

शेवटी म्हणाली, "मी लिहून देते निवड समितीला. त्या फोनचं. मग माझ्या फोटोचंही लिहावं लागेल, अर्धं कसं सांगायचं? त्यानंतर इथे माझं काही राहणार नाही." मग म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात, तर नाही लिहिणार."

मी बोलले नाही.

नको म्हणायचं होतं. तोंडात शब्द होता. दोन महिन्यांत तिच्या नावापुढे डॉक्टर लागणार आहे. तिच्या घरचे काय म्हणतील, ती पुढे काय करेल, सगळं डोक्यात आलं. आणि त्याच डोक्यात जुलैही आला. खिडकीजवळचं ते टेबल आलं. मी नुसती कानाला फोन लावून बसून राहिले. ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "बरं ताई," आणि ठेवला.

२० एप्रिल

खुलासा पाठवला. फोन केल्याचं आणि मुलाखतीत खोटं बोलल्याचं दोन्ही लिहिलं. नवऱ्याने वाचून विचारलं, "साक्षीदार कोणी?" म्हटलं, "आहे एक." "तिला त्रास नाही ना होणार?"

"तिने आपणहून सांगितलंय," मी म्हटलं. खोटं नाहीच ते.

१७ मे

समितीने दोघींना वेगवेगळं बोलावलं होतं. माझी पाळी आधी झाली. बाहेर आले तर ती बाकावर बसलेली, तेलकट केस, मांडीवर जाड पिशवी, त्यात सहा वर्षांच्या सगळ्या वह्या. मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "अजून विचार कर हवं तर." आत हाक पडली होती तेव्हा. उठायला निघालेल्या माणसाला बस म्हणण्यासारखं ते.

ती हसली आणि गेली.

९ जून

मिळाली.

मिळाली! पिकलेल्या केसांच्या त्या बाईच माझ्या नव्या मार्गदर्शक. म्हणाल्या, तेल खाणारे जिवाणू पुष्कळ आहेत, पण ते खायचं कधी आणि कसं सोडतात हे तू डोळ्यांनी बघितलं आहेस, त्यावरच काम कर. प्रस्ताव नव्याने लिहायचा. मुलाखतीत खोटं बोलल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती मुकाट घेतली. जुन्या मॅडमची चौकशी लागली आहे.

लेक घरभर उड्या मारते आहे, ‘आई डॉक्टर होणार, सुई नाही टोचणार.’ नवरा हं म्हणाला नाही. माझ्याकडे बघून डोळे पुसले आणि म्हणाला, "कांदा चिरत होतो." कांदा कुठे होता!

साहेबांनी पेढ्यांऐवजी वेफरचं खोकं पाठवलं. आमच्याच लॅबने नापास केलेला माल.

२८ जून

सामान भरते आहे. परवा निघायचं.

आज तिला फोन केला. तीन आठवडे करायचा करायचा म्हणत होते. तिची नोंदणी तिने स्वतःच रद्द केली, समितीने काही म्हणायच्या आत. गावी आईकडे आहे. घरच्यांना अजून नीट सांगितलेलं नाही, सुट्टीवर आले म्हणाली आहे. एका शाळेत शिकवायचं बघते आहे, जागा निघाली तर.

मी म्हटलं, "मी नको म्हणायला हवं होतं."

"छे हो ताई. सुटले मी," ती म्हणाली. "खरंच. आता झोप लागते." मागून तिच्या आईने विचारलं, कोणाचा फोन आहे. ती म्हणाली, "लॅबमधल्या ताईंचा." मग मला म्हणाली, "खिडकीजवळच्या टेबलावर दुपारी ऊन येतं, प्लेटा तिथे ठेवू नका."

मी आता त्या टेबलावर बसणार नाही, नवी लॅब वेगळ्या इमारतीत आहे. हे तिला सांगितलं नाही.

सुटले म्हणाली. आवाज मोकळा वाटला. म्हणजे सुटलीच असेल. मी तसंच धरून चालणार आहे, नाहीतर परवा बसमध्ये चढता यायचं नाही.

नवऱ्याने पिशवीची चेन ओढत विचारलं, "जायच्या आधी त्या मुलीला एकदा जेवायला बोलवायचं का? उद्या आहे ना मोकळा दिवस."

मी म्हटलं, बघू.